सिंगापूरची रानं आणि जलाशय: कुठे जायचं, किती वाजता निघायचं आणि माकडांपासून पिशवी कशी वाचवायची

आमच्याकडे पुण्या-डोंबिवलीहून पाहुणे येतात तेच यादी घेऊन. युनिव्हर्सल, गार्डन्स बाय द बे, मरलायन, मुस्तफा. पहिले तीन दिवस मी काही बोलत नाही. चौथ्या रात्री, मॉल पालथे घालून सगळ्यांच्या पोटऱ्या भरून आलेल्या असतात, तेव्हा हळूच विचारते, "उद्या सकाळी साडेसहाला निघाल का? तासाभराचं काम आहे." ते तासाभराचं नसतं, हे त्यांना नंतर कळतं. पण "उगीच आणलंस" असं आजवर एकाच पाहुण्याने म्हटलंय, आणि तेही बाकरवडीपायी. तो किस्सा पुढे येईलच.

हा लेख त्या चौथ्या रात्रीनंतरच्या सकाळींसाठी आहे. तुम्ही चार दिवसांसाठी येणार असाल किंवा इथे नोकरीला येऊन दोन वर्षं झाली तरी रान पाहिलं नसेल, दोघांनाही उपयोगी पडावा.

आधी पाण्याचा हिशोब

सिंगापूर मुंबईहून थोडंसंच मोठं. एवढ्याशा बेटावर १७ जलाशय आहेत, आणि देशाच्या दोन तृतीयांश जमिनीवर पडलेला पाऊस नाल्या-कालव्यांतून वळवून त्यांच्यात आणला जातो. बाकीचं पाणी शेजारच्या मलेशियातल्या जोहोरहून नळाने येतं (तो १९६२ चा करार २०६१ मध्ये संपतो), शिवाय सांडपाणी शुद्ध करून वापरतात आणि समुद्राचं पाणी गोडं करतात.

एकोणिसाव्या शतकात इथलं बहुतेक जंगल मिरी आणि गँबियरच्या मळ्यांसाठी साफ झालं. गँबियर म्हणजे कातडी कमावायला लागणारं एक झुडूप. राहिलं ते मुख्यतः जलाशयांच्या भोवतीचं, कारण पाणलोटातली झाडं तोडली की तलाव गाळाने भरतो हे तेव्हाच्या नगरपालिकेला कळत होतं. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, आणि बोरिवलीचं रान त्यांच्याच आडोशाने वाचलं. इथला पहिला जलाशय १८६८ चा, म्हणजे विहारपेक्षा आठच वर्षांनी धाकटा. फरक असा की विहारच्या काठावर तुम्हा-आम्हाला सहजासहजी जाता येत नाही आणि इथे शहरी बसमधून उतरून सरळ पाण्यापर्यंत चालत जाता येतं. प्रवेशाचं तिकीटही नाही.

कायद्याने 'नेचर रिझर्व्ह' म्हणून राखलेल्या जागा चार. मध्यभागी सेंट्रल कॅचमेंट, त्याला लागून बुकित तिमा, उत्तरेच्या टोकाला सुंगेई बुलोह आणि दक्षिणेला चिमुकलं लॅब्रेडोर. मॅकरिची, लोअर पियर्स, अप्पर पियर्स आणि अप्पर सेलेतार हे चार जलाशय सेंट्रल कॅचमेंटच्या पोटात आहेत. नकाशा उघडलात की बेटाच्या मधोमध जो हिरवा ठिपका दिसतो, तो हाच. एवढं डोक्यात बसलं की पुढचं नियोजन सोपं.

पहिली पायरी: सोबत कोण आहे ते बघा

इथे बहुतेकांची चूक होते. इंटरनेटवर झुलत्या पुलाचा फोटो दिसतो आणि गुडघेदुखीवाल्या आईला घेऊन लोक तिथे निघतात. त्या पुलापर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे मॅकरिचीच्या मुख्य दाराकडून दहा किलोमीटरच्या आसपास चाल आहे, आणि उतरताना पायऱ्याच पायऱ्या.

वयस्कर मंडळी किंवा बाबागाडी असेल तर लोअर पियर्स. तलावाच्या काठाने लाकडी फळ्यांची वाट आहे, जेमतेम किलोमीटरभर, डोक्यावर झाडांची सावली आणि एका हाताला पाणी. फळ्या पावसात निसरड्या होतात, तेवढं जपायचं. माझं मत विचाराल तर सिंगापुरातली सगळ्यात सुंदर अर्धा तासाची चाल हीच. आणि मॅकरिचीइतकी गर्दी इथे कधीच नसते.

चालणारे, दम असलेले असतील तर मॅकरिची. पक्ष्यांचं वेड असेल किंवा शाळकरी मुलं असतील तर सुंगेई बुलोह. "फक्त एकच तास आहे आणि घाम काढायचाय" असं कोणी म्हणालं तर बुकित तिमा. ज्यांना चालायचंच नाही, पण पाणी आणि वारा हवा, त्यांना संध्याकाळी मरिना बॅराजला न्यायचं.

एका सकाळी एकच जागा. दोन जोडायला जाऊ नका. मी एकदा बुकित तिमा आणि सुंगेई बुलोह एकाच दिवशी करायला गेले होते. दुपारी एक वाजता खारफुटीतल्या बाकावर आम्ही चौघं न बोलता बसलो होतो, आणि समोरून काय उडालं हे बघायला कोणी मानही वर केली नाही.

दुसरी पायरी: वेळ आणि मोसम

सिंगापूर विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे इथे वर्षभर सकाळी सातच्या मागेपुढे उजाडतं आणि संध्याकाळी सातच्या मागेपुढे मावळतं. घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे. म्हणजे भारतातून कालच आलेल्या माणसाला तुम्ही सातला चालायला लावता, तेव्हा त्याच्या अंगात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणून पहिल्या दोन दिवसांत रानाचा बेत नको. शरीर जरा इथल्या घड्याळाला लागू द्या.

राखीव रानं साधारण सात ते सात उघडी. सातला पायवाटेवर पाऊल पडेल असं निघा. दहापर्यंत परत. सकाळी हवा पंचविशीत असते, दमटपणा मात्र नव्वदीच्या वर, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच चष्म्यावर वाफ धरते. अकरानंतर तिशी ओलांडली की मात्र नुसतं शिजणं. पशुपक्षीसुद्धा गप्प होतात.

महिन्यांचं म्हणाल तर फेब्रुवारी-मार्च बरे, त्यातल्या त्यात कोरडे. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा मान्सून असतो आणि कधीकधी दोन-दोन दिवस झड लागते. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस जवळजवळ ठरलेलाच. मधल्या महिन्यांत पहाटे 'सुमात्रा' येतात, म्हणजे सुमात्रा बेटाकडून वाऱ्या-पावसाची एक लांबलचक रांगच्या रांग येते, तासा-दोन तासांत झोडपून निघून जाते आणि मागे छान गार हवा ठेवते. अशी सकाळ मिळाली तर घरी बसू नका, पाऊस थांबल्यावर जरा उशिरा निघा. काही वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंडोनेशियातल्या आगींचा धूर येतो. दमेकरी सोबत असेल तर हवेचा निर्देशांक बघूनच ठरवा.

तिसरी पायरी: पिशवीत काय

पाणी माणशी किमान एक लिटर. इथलं नळाचं पाणी थेट पिता येतं, त्यामुळे बाटल्या विकत घेऊ नका, हॉटेलच्या नळावर भरा. बूट जुने, पण चांगली पकड असलेले. लाल माती ओली झाली की साबणासारखी होते. डास चावू नयेत म्हणून मलम किंवा फवारा हवाच, कारण डेंग्यू इथेही आहे. पातळ रेनकोट, मोबाईलसाठी बंद होणारी पिशवी, आणि बदलायला एक कोरडा टीशर्ट. हा शेवटचा नियम मी फार सोसून शिकले. घामाने चिंब होऊन एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, एसीत चाळीस मिनिटं बसलं की दुसऱ्या दिवशी नाक गळतंच.

खायला काही न्यायचं असेल तर सॅकच्या आत, डब्यात, चेन बंद करून. दशम्या चालतील, तिखटमिठाच्या पुऱ्या चालतील. हातात लोंबकळणारी प्लास्टिकची पिशवी अजिबात चालणार नाही.

बाकरवडीचा किस्सा

इथली माकडं लांब शेपटीची, आपल्या लाल तोंडाच्या माकडांची चुलत भावंडं. ती प्लास्टिकची पिशवी ओळखतात. पिशवीत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. पिशवी म्हणजे खाऊ, एवढंच गणित.

बाबा आले होते तेव्हा मॅकरिचीच्या रानात विंडसर नावाच्या बागेच्या बाजूने आम्ही आत शिरलो. बाबांनी खिशातून पुण्याहून आणलेला बाकरवडीचा पुडा काढून पिशवीत टाकला होता, "मध्ये तोंडात टाकायला." शंभर पावलांवर एक माकड कठड्यावर येऊन बसलं. बाबांनी गावाकडच्या सवयीने "हाड!" केलं आणि हात उगारला. माकडाने दात दाखवले, एका उडीत पिशवी खेचली आणि चार हातांवर जाऊन निवांत पुडा फाडला. पहिली बाकरवडी हुंगली, चाटली, खाल्ली. मग राहिलेल्या सगळ्या गालांच्या पिशव्यांत कोंबल्या. बाबा ते पुढे दोन दिवस सांगत होते, "आणि तिखट लागलं नाही हो त्याला!"

हसू येतं, पण इथे हा विषय गंभीर आहे. वन्यप्राण्यांना खायला घालणं गुन्हा आहे. २०२० पासून कायदा कडक झाला आणि पहिल्या गुन्ह्याला ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत, पुन्हा केला तर १०,००० पर्यंत दंड होऊ शकतो. मारुतीरायाचं नाव घेऊन केळं पुढे करू नका. माकड समोर आलं तर थांबा, डोळ्यांत डोळे घालू नका, दात दाखवून हसू नका (त्यांच्या भाषेत ती धमकी असते), सॅक पोटाशी धरा आणि हळूच बाजूने निघा. काही हिसकावलंच तर ओढाताण नको. लहान मुलांना मधे घ्या, हातातला खाऊ आधीच संपवून टाका.

रानडुक्कर दिसलं तर लांबूनच बघा, विशेषतः सोबत पिल्लं असतील तर. साप दिसायला नशीब लागतं. पायवाट सोडली नाहीत तर त्याच्या वाटेला तुम्ही जाणारच नाही, आणि पायवाट सोडायला तशीही परवानगी नाही. ड्रोन बंद, फुलं-पानं तोडणं बंद. तलावात उतरायचं नाही. गळ टाकायचा तर त्यासाठी नेमून दिलेल्या जागांवरच.

मॅकरिची, पायरीपायरीने

१८६८ मध्ये बांधून झालेला हाच तो पहिला जलाशय. त्याआधी १८५७ मध्ये तान किम सेंग नावाच्या व्यापाऱ्याने शहराला पाणी मिळावं म्हणून १३,००० डॉलर दिले होते. त्या पैशांचं पुढे चीज झालं नाही, पण त्याच्या नावाचं कारंजं एस्प्लनेडच्या बागेत अजून उभं आहे. मॅकरिची हे नाव एका नगर अभियंत्याचं, तेही १९२२ मध्ये दिलेलं.

जायचे रस्ते दोन. कॅल्डेकॉट एमआरटी स्टेशनला उतरून जलाशयाच्या बागेत चालत जाता येतं. इथे स्वच्छतागृह आहे, खाण्यापिण्याची सोय आहे, कयाक भाड्याने मिळतात. दुसरा रस्ता अप्पर थॉमसन स्टेशनवरून व्हीनस ड्राइव्हमार्गे विंडसर नेचर पार्कचा. फक्त झुलता पूल करायचा असेल तर हा दुसराच घ्या, चाल जवळपास निम्मी होते. तिकिटासाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही, टॅप होणारं बँकेचं कार्ड बस आणि एमआरटी दोन्हीकडे चालतं. बसमधून उतरतानाही टॅप करायचं, नाहीतर पुरं भाडं कापलं जातं.

झुलता पूल, म्हणजे ट्रीटॉप वॉक, २००४ चा. लांबी २५० मीटर, दोन टेकड्यांच्या मधे टांगलेला, सगळ्यात उंच जागी रानाच्या जमिनीपासून २५ मीटरवर. तो एकाच दिशेने ओलांडायचा असतो, आणि अर्ध्यातून मागे फिरता येत नाही. सोमवारी बंद (सरकारी सुट्टी असेल तर उघडा), इतर दिवशी सकाळी नऊच्या सुमारास उघडतो, शनिवार-रविवारी थोडा आधी. अधूनमधून डागडुजीसाठीही बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी एनपार्क्सच्या (इथल्या सरकारी उद्यान मंडळाच्या) संकेतस्थळावर एक नजर टाका. उन्हाच्या आधी पोचायचं, पण दार उघडण्याच्याही आधी नाही, असा हा पेच. आम्ही साडेसातला विंडसरहून निघतो, रमतगमत जातो आणि पहिल्या घोळक्यात पूल ओलांडतो. रविवारी दहानंतर मात्र पुलावर लोकलच्या दारातल्यासारखी रांग लागते.

खरं सांगू? पूल दहा मिनिटांत संपतो. मला त्याहून पाण्याकाठच्या फळ्यांच्या वाटा आवडतात, प्रूनस आणि पेताई नावाच्या. तिथे सकाळी पाण्यावर वाफ तरंगत असते. पाण्यात वाकलेल्या फांदीखाली बघत चला, घोरपड दिसतेच. आपल्या घोरपडीची ही मोठी बहीण, पाण्यातली, दीड-दोन मीटरपर्यंत वाढते, जीभ आतबाहेर करत संथ पोहते. तानाजीची यशवंती कशी असेल, यावर आमच्या घरात इथेच एकदा मोठी चर्चा झाली.

दुसरी शोधायची गोष्ट म्हणजे कोलुगो. मांजराएवढा प्राणी, चारही पायांमधे कातडीचा पडदा, रात्री एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो. दिवसा तो खोडाला चिकटून झोपतो आणि हुबेहूब शेवाळलेल्या सालीसारखा दिसतो. युक्ती अशी: झाडाचा शेंडा बघू नका, दोन-चार पुरुष उंचीवरच्या सरळसोट खोडांवर राखाडी फुगवटा शोधा. फुगवट्याच्या कडेला कधीकधी एक चिमुकलं डोकं आणि दोन मोठे डोळे असतात. ते पिल्लू.

पक्ष्यांत ओळखीचा भेटेल तो भृंगराज. शेपटीच्या टोकाला दोन लांब तारा आणि त्यांना पिसांचे झुपके. भीमाशंकरच्या रानात बघितला असेल तर इथे आवाजावरून कळेल. तो माकडांच्या टोळीमागे हिंडतो, कारण त्यांच्या धसमुसळेपणाने उडणारे किडे त्याला आयते मिळतात. म्हणजे माकडं दिसली की पिशवी सांभाळा आणि वर बघा.

लोअर पियर्सकडे, ओल्ड अप्पर थॉमसन रोडवर, मान आणखी वर करायची. रस्त्यावरून आरपार दोर टांगलेले दिसतील. ते पट्टेरी लंगुरांसाठी आहेत. काळे, पोटाशी पांढरे, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं. सगळ्या सिंगापुरात शंभरसुद्धा उरलेले नाहीत, आणि रस्ता ओलांडताना गाडीखाली येऊ नयेत म्हणून ही सोय. गंमत म्हणजे याच वळणावळणाच्या रस्त्यावर १९६१ ते १९७३ सिंगापूरची ग्रां प्री मोटारशर्यत व्हायची. दिसला लंगूर तर माझ्याकडून शुभेच्छा. मला सहा वर्षांत दोनदा दिसला.

सुंगेई बुलोह: घड्याळाआधी भरती-ओहोटी बघा

इथे पूर्वी कोळंबीची तळी होती. १९८६ मध्ये काही पक्षीनिरीक्षकांच्या लक्षात आलं की स्थलांतरी पक्षी इथे मोठ्या संख्येने उतरतात. त्यांनी पाठपुरावा केला, १९९३ ला निसर्ग उद्यान झालं आणि २००२ मध्ये राखीव क्षेत्र. क्रांजी एमआरटीवरून ९२५ क्रमांकाची बस. परतीची बस लवकर मिळतेच असं नाही, म्हणून उतरल्याउतरल्या थांब्यावरचं वेळापत्रक मोबाईलमध्ये टिपून ठेवा.

इथे कधी जायचं हे भरती-ओहोटी ठरवते. भरतीला बाहेरचा चिखल पाण्याखाली जातो आणि चिखल्या, तुतारी, सोनचिखल्या असे पाणथळीचे पक्षी आतल्या तळ्यांमध्ये येऊन विसावतात. तेव्हा लपणातून, म्हणजे पक्षी बघायला केलेल्या आडोशातून, बसल्या जागी शेकडो दिसतात. ओहोटीला पक्षी पांगतात, पण चिखल उघडा पडतो आणि खरी जत्रा तिथे भरते. पक्ष्यांसाठी सप्टेंबर ते मार्च हा काळ, कारण ते सैबेरियाकडून हिवाळ्यासाठी येतात. शिवडीला, ठाणे खाडीला आपण बघतो ते पाहुणे मध्य आशियाच्या वाटेने येतात. इथले पूर्व आशियाच्या वाटेने, आणि त्यातले बरेच पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत जातात.

माझ्या सासूबाई अलिबागकडच्या. ओहोटीच्या वेळी त्यांना फळ्यांच्या वाटेवर नेलं. कठड्यावरून वाकून बघितलं आणि पाहुण्या गावात नातेवाईक भेटावा तसा चेहरा झाला. "अगं, ह्या तर निवट्या!" चिखलात डोळे वर काढून, पुढच्या परांवर रेलत, मधेच टुणकन उडी मारत त्या हिंडत होत्या. शेजारी एक जण भलीमोठी लेन्स लावून त्यांचा फोटो काढत होता. सासूबाई त्याच्याकडे बघून मला म्हणाल्या, "एवढं काय बघतोय? आमच्याकडे ह्यांचं कालवण करतात." मग पंधरा मिनिटं मला तिवर आणि कांदळ यातला फरक समजावला: तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, कांदळाची कमानीसारखी वाकलेली. माहितीफलकावर इंग्रजीत तेच लिहिलं होतं.

मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, खाऱ्या पाण्यातल्या. मुख्य पुलावरून बहुतेकदा दिसतात. काठावर ओंडका पडल्यासारखं वाटतं आणि मग ओंडक्याला डोळा असल्याचं लक्षात येतं. पाण्याच्या कडेला जायचं नाही, मुलांना कठड्यावर चढू द्यायचं नाही. पाणमांजरांचा कळप दिसला तर मात्र दिवस सार्थकी लागला. ती कुटुंबाने येतात, कर्कश चिवचिवतात, मासा डोक्याकडून कुडूमकुडूम खातात आणि तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. वाट ओलांडत असतील तर थांबून त्यांना जाऊ द्या, आणि मधे पिल्लं असतील तर आणखी लांब राहा.

एक व्यवहाराची गोष्ट: समोर दिसतं ते मलेशियातलं जोहोर. फोन कधीकधी तिकडचं नेटवर्क पकडतो. रोमिंगचं बिल नको असेल तर आधीच बंद करून ठेवा.

बुकित तिमा आणि बाकीचं, थोडक्यात

बुकित तिमा १६३.६३ मीटर, सिंगापूरचं सर्वोच्च नैसर्गिक टोक. वर एका दगडावर ही उंची कोरलेली आहे. सिंहगड चढलेल्या माणसाला हा आकडा वाचून हसू येईल, पण डांबरी चढ सुरुवातीपासूनच छातीवर येतो आणि दमट हवेत पंधरा मिनिटांत हसू जातं. डाउनटाउन लाइनवरच्या ब्यूटी वर्ल्ड स्टेशनवरून चालत जा. वरून फारसं काही दिसत नाही, झाडांनी सगळं झाकलंय. इथे बघायचं ते रानच. आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५४ मध्ये इथे भुंगेरे गोळा करत फिरला होता. सकाळी एक मोठा, पिवळसर डोक्याचा बुलबुल फार गोड गातो. गाण्यापायीच तो आग्नेय आशियाभर पिंजऱ्यात गेला आणि बहुतेक ठिकाणी संपला. इथे अजून मोकळा आहे. गाणं ऐकायला थांबलात तर दमही खाऊन होतो.

अप्पर सेलेतारला रॉकेटच्या आकाराचा एक पांढरा मनोरा आहे, वर चढून पाणी आणि भोवतीचं रान दिसतं. झूलॉजिकल गार्डन याच जलाशयाच्या काठावर आहे, तेव्हा झूचा बेत असेल तर सकाळी तासभर आधी निघून हे पदरात पाडून घ्या. लॅब्रेडोर फक्त जवळपास असाल तरच.

विजा

हा भाग वगळू नका. सिंगापूर जगातल्या सर्वाधिक विजा पडणाऱ्या जागांपैकी एक आहे. ढग काळे झाले, वीज चमकली आणि तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज जवळ आली असं समजा. पूल, मनोरा, पाण्याकाठ आणि एकटं उंच झाड, चारही ठिकाणांहून लगेच हला. वाटेत छपराचे निवारे आहेत. आत शिरताना नकाशाच्या फलकाचा फोटो काढून ठेवा, मग सर्वांत जवळचा निवारा शोधायला नेटवर्क लागत नाही. वादळानंतर फांद्या पडतात, त्यामुळे वाट बंदची पट्टी लावली असेल तर तिच्याखालून वाकून जाऊ नका. एकदा आम्ही अशा निवाऱ्यात सव्वा तास अडकलो होतो. सोबत एक तमिळ कुटुंब आणि दोन चिनी आजोबा. एकाने थर्मासमधला चहा काढला, आमच्या डब्यातल्या पुऱ्या फिरल्या. माकडंही निवाऱ्याच्या कडेला भिजत बसली होती, त्यामुळे डबा एकजण मांडीखाली धरून बसला होता.

संध्याकाळी: मरिना बॅराज

२००८ मध्ये खाडीच्या तोंडावर बांध घालून शहराच्या ऐन मध्यावर हा पंधरावा जलाशय केला. नऊ पोलादी दरवाजे आणि सात अवाढव्य पंप. मोठा पाऊस झाला आणि समुद्राला ओहोटी असली की दरवाजे उघडतात, भरती असली की पंप पाणी बाहेर फेकतात. बेटाच्या सहाव्या हिश्श्यावरचं पावसाचं पाणी इथे येतं. वर गच्चीभर हिरवळ आहे. साडेपाच-सहाला जा, चटई आणि पतंग घेऊन. वारा समुद्रावरून येतो, पतंग हिसका न देता चढतो, आणि कापाकापी मात्र इथे कोणी करत नाही. आमचे बाबा पहिल्याच संध्याकाळी एका मलय मुलाच्या पतंगाला ढील कशी द्यायची ते शिकवत उभे होते. गच्चीवर माकडं नसल्याने घरी राहिलेल्या बाकरवड्या त्यांनी तिथे संपवल्या.